सीडी चालू हाय, पाय वर घे

काथोडकाकांच्या घरी जायचं तर आधी दाराच्या कडीकडे बघावं लागे. कडीला लाल रुमाल बांधलेला असला, की आत सीडी राईट होतेय असं समजायचं आणि मांजराच्या पावलांनी शिरायचं. शिरल्यावर दिसेल त्या खुर्चीवर, पलंगावर, नाहीतर पाण्याच्या पिंपावर बसायचं आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून वर घ्यायचे. मग हालचाल बंद. शिंक आली तर गिळायची. कुकर शिट्टीच्या बेतात असला तर गॅस बंद. एकदा काकांच्या साडूंना नेमकी त्याच वेळी उचकी लागली. काकांनी त्यांना दंडाला धरून जिन्यात नेऊन उभं केलं आणि दार लावून घेतलं. साडू तिथूनच पडघ्याला परत गेले आणि पुढे दोन दिवाळ्या आले नाहीत.

"हालू नको रं," काका ओठसुद्धा न हलवता म्हणत, "सीडी चालू हाय. पाय वर घे."

नवख्या माणसाला वाटे, आत कोणी शेवटचे श्वास मोजतंय. प्रत्यक्षात असायचा एक पांढरा, आता पिवळट पडलेला कॉम्प्युटर, त्याच्या पोटात घरघरणारी एक तबकडी आणि पडद्यावर मुंगीच्या गतीनं सरकणारी निळी पट्टी. त्या पट्टीकडे काका असे बघत बसत, जसं पूर्वी अंजूरच्या शेतात बांधावर बसून पाटाचं पाणी पुढं सरकताना बघत असतील.

हा सगळा नियम ज्याच्यामुळे सुरू झाला तो गाढव मी.

अंजूर हे आमचंही मूळ गाव. काकांची तिथली जमीन गोदामवाल्यांकडे गेली, तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी जीपा घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. काका भिवंडीत आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायला आले आणि काही वर्षांनी त्यांनी कॉम्प्युटर घेतला. सीडी रायटरवाला. शिवाय व्हिडिओ कॅसेट लावली की तिच्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं एक कार्डही त्यात बसवून घेतलं. का, ते तेव्हा कोणालाच कळलं नाही. मी वरच्या मजल्यावर राहायचो, वडप्याच्या एका गोदामात मालाच्या नोंदी करायचो आणि एका कॉम्प्युटर क्लासचा निम्मा कोर्स केलेला होता. उरलेल्या निम्म्याचं काय झालं ते विचारू नका. काकांनी मला 'इंजनेर' अशी पदवी दिली आणि पहिली सीडी राईट करायला मोठ्या मानानं खुर्चीवर बसवलं.

ते कॉम्प्युटर तेव्हा असे होते, की सीडी राईट होत असताना त्यांना दुसरं काम सांगितलं तर ते दोन्ही कामं सोडून देत. हे क्लासमध्ये शिकवलं होतं, पण बहुधा त्या उरलेल्या निम्म्यात. पट्टी सरकत होती, काका चहा आणायला उठले होते, मी सवयीनं पत्त्यांचा डाव उघडला. राजा राणीवर जाईना म्हणून जरा गुंतलो. काका कप घेऊन आले तेव्हा पडद्यावर लाल खूण आली होती आणि मी पत्ते मिटवले होते.

"काय जालं रं?"

मी चेहरा गंभीर केला. आमच्या बिल्डिंगला लागूनच सलीमभाईंचा पॉवरलूमचा कारखाना. लूम चालू असले की ग्लासातल्या पाण्यावर वलयं उठायची, भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप तिरपं व्हायचं. आम्हा राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. आम्ही सगळे ओरडून बोलतो, असं फक्त आमचे पाहुणे म्हणत.

"हादरा बसला काका," मी म्हणालो. "लूममुळे. आतली तबकडी नाजूक असते ना."

काकांनी मान डोलावली. "म्हंजे पालना हलला न पोर उठलं."

"तसंच," मी म्हणालो आणि त्यांचा चहा प्यायलो.

त्या दिवसापासून सीडी फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी लूमला सुट्टी. त्यातही भारनियमनाचे तास टाळून. आणि लूम बंद असून भागत नाही, माणसाच्या पावलाचाही हादरा बसतो, हा पुढचा शोध काकांनी स्वतःच लावला. मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. मग मला वाटलं, खरं सांगून टाकावं. पण तोवर अख्खी बिल्डिंग पाय वर घ्यायला शिकली होती आणि इतक्या लोकांना एकदम खाली उतरवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

नियम सगळ्यांना सारखा होता. त्यातून सूट एकाच माणसाला, ती म्हणजे हिराकाकींना. काकी बिनधास्त चालत, भांडी लावत आणि मुख्य म्हणजे बोलत. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर आवाज उरला होता तो जुनं धोतर टरकावल्यासारखा. हळू, खरखरीत, मध्येच तुटणारा. एरवी लूमच्या खडखडाटात त्या काय म्हणाल्या ते हाताच्या खुणेवरून ओळखावं लागे. पण शुक्रवारी लाल रुमाल बांधला, की काकींचं तोंड सुरू.

"या डब्याला किती खायला घालाल? माजं पोर लगनाला आलं न बाप तबकड्या भाजतो. आवो, वाल सोलायला तरी हात लावा. ह्या इंजनेराला सांगा, फुकट चा पितो तर शेंगा तरी सोल."

काका पट्टीकडे बघत हुं हुं करत. त्यांनी काकींना एकदाही गप बसा म्हटलं नाही. मी एकदा कुजबुजत विचारलं, "काका, काकींच्या आवाजाचा हादरा बसत नाही का?"

"तिला कोन सांगनार?" काका म्हणाले. "तू सांग."

मी शेंगा सोलायला घेतल्या.

काका राईट काय करत, तर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी. व्हिडिओ कॅसेटींना बुरशी लागायचा तो काळ, घरोघरचे व्हीसीआर माळ्यावर गेलेले. काका स्वतः होऊन सांगत फिरत, कॅसेट द्या, सीडी करून देतो. अंजूरपासून पडघ्यापर्यंतच्या सोयऱ्याधायऱ्यांत त्यांची ख्याती झाली होती. पण कॅसेट हातात घेतली, की पहिला प्रश्न एकच.

"मिक्सिंगवाली का कच्ची?"

मिक्सिंगवाली म्हणजे व्हिडिओवाल्यानं स्टुडिओत नेऊन सजवलेली. बदामाच्या आकारात नवरा, गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरी, आणि मूळ आवाज पुसून सगळीकडून सिनेमाची गाणी. कच्ची म्हणजे कॅमेऱ्यातून निघाली तशी, मांडवातल्या गोंगाटासकट. लोक मिक्सिंगवाली आणत, कारण कच्ची सांभाळतो कोण? काकांचा चेहरा पडे. तरी ते कॅसेट घेत, पूर्ण बघत, सीडी करून देत आणि परत करताना पुन्हा विचारत, "कच्ची कुठं पडली असंल का? माल्यावर? सासरवाडीला?" लोक म्हणायला लागले, काथोडचं डोकं फिरलंय, याला दुसऱ्यांच्या हळदीतला गोंगाट ऐकायची चटक लागलीय. पुढे तर काका दिसले, की पोरंसोरं लांबूनच ओरडत, "कच्ची हाय का?"

ज्या सीडी बिघडत त्या काका टाकत नसत. अंजूरला खाडीकडचा जमिनीचा एक तुकडा विकायचा राहिला होता, तिथल्या वालाच्या मळ्यात सुतळीला बांधून लटकवत. पाखरं येत नसत. मोटारसायकलवालेही त्या वळणावर डोळे मिटून घेत, त्यामुळे दोघेजण वालात पडले. त्यातला एक मीच.

मला खरी गोष्ट कळली ती रंजनाचं लग्न ठरल्यावर. रंजना काकांची एकुलती एक मुलगी. एका शुक्रवारी काकी बाजारात गेलेल्या, काका निळ्या पट्टीसमोर बसलेले, मी पाय वर घेऊन खुर्चीत. पडद्यावर कुणाची तरी हळद चालली होती. पाटावर नवरी, तिच्या शेजारी काळ्याभोर केसांच्या, ठसठशीत कुंकवाच्या हिराकाकी. बऱ्याच तरुण. त्यांचं तोंड हलत होतं आणि त्यातून कुठलीशी नटी गोड गळ्यानं प्रेमाचं गाणं म्हणत होती.

"बग," काका म्हणाले. "तोंड हिचं न आवाज भलतीचा."

तेव्हा मला आठवलं. आठवायला एवढा वेळ का लागावा, हेच मला अजून कळत नाही, कारण लहानपणी त्या आवाजाशिवाय लग्न असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. काकी धवलारीण होत्या. आमच्यात भटजी येतो तासाभरापुरता. त्याच्या आधी आणि नंतर लग्न चालवते ती धवलारीण. मांडवाला, उंबराला, तांदळाला, हळदीला, प्रत्येकाला तिचं गाणं, तिचा धवला. काकींना माईक लागत नसे. अंजूरच्या मांडवात बसून गायल्या, तर खाडीतल्या होडीवाल्याला कळायचं, की कुणाची पोरगी आज हळदीला बसलीय.

"हा उंबर आनायचा धवला," काका पडद्यावरच्या मुक्या तोंडाकडे बोट करून म्हणाले. "आता बग, 'मामा' म्हनंल. म्हनली. आता थांबंल जरा. थांबली." गाणं दुसरंच चाललं होतं आणि काका ओठांवरून धवला वाचत होते. "अवढ्या कॅसेटी पायल्या इंजनेर. समद्यांत ती गाते. ऐकू येत न्हाय."

"काकींना माहीत आहे? तुम्ही कशासाठी शोधताय ते?"

"न्हाय. न भेटलं तर उगाच तिला आस लागंल." त्यांनी पट्टीकडे बघितलं. "समद्या गावाच्या पोरींना हिनं हलद लावली. रंजीच्या हलदीला हिनं मुकं बसायचं? दुसरी धवलारीन आनू का म्हनून इचारलं, तर म्हनते कोनी नको, बेंजो लावा. मना बेंजो नको. मना तिचा आवाज पायजे. येक धवला. बस."

मी गप्प बसलो. काकांना वाटलं, नियमामुळे. खरं कारण वेगळं होतं. मंदाताईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात काकीच धवलारीण होत्या. आणि त्या लग्नाची कच्ची कॅसेट आमच्याकडे होती.

होती म्हणजे अशी, की मंदाताईच्या लग्नात व्हिडिओवाल्यासाठी दिवा धरायचं काम मी केलं होतं. दिवा धरणारा माणूस चित्रात येत नाही, हे मला मिक्सिंगवाली कॅसेट बघितल्यावर कळलं. मी नवा सफारी शिवला होता. चिडून मी व्हिडिओवाल्याच्या मागे लागून कच्ची कॅसेट आणली, की निदान तीत तरी मी असेन. तीतही मी नव्हतो. मग रागानं मी तिच्यावर क्रिकेटची मॅच टेप केली.

काकांना मी सांगितलं, "आमच्याकडे नाही." तसं ते खोटं नव्हतं, आमच्याकडे मॅच होती.

पण माझ्या आईला माळा साफ करायचा झटका आला. ती धुळीनं माखलेली कॅसेट हातात घेऊन थेट खाली गेली आणि दारातूनच म्हणाली, "काथोडभावजी, तुम्ही ते कच्ची कच्ची करता, ती ही का बघा. यावर आमच्या बाबल्याच्या अक्षरात 'मंदा लग्न, माझे सीन' असं लिहिलंय."

शुक्रवार होता. काकांनी कॅसेट पदरानं पुसावी तशी धोतरानं पुसली आणि लावली. काकी जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. पडद्यावर हिरवंगार मैदान आलं.

काका पडद्याजवळ सरकले. "मंदीचं लगीन मैदानात लागलं का रं?"

"काका, ते जरा वरून टेप झालंय."

"कोनी केलं?"

मी कॅलेंडर सरळ करायला उठलो.

पुढे पळवा म्हटलं तर काका ऐकेनात. मध्येच लग्न असंल तर चुकंल, म्हणून त्यांनी सगळी मॅच बघितली. जन्मात क्रिकेट न बघितलेला माणूस एकेक चेंडू डोळ्यांत तेल घालून बघत होता. शेवटाकडे त्यांनी विचारलं, "कोन जिंकलं?"

"आपण हरलो."

"मग ठेवलीस कशाला?"

त्या मॅचच्या खाली मांडवाचा धवला होता, उंबराचा होता, तांदळाचा होता. ते सगळे मी एका हरलेल्या मॅचनं पुसले होते.

तेवढ्यात एका ओव्हरच्या मध्येच पडदा थरथरला, पांढऱ्या रेघा गेल्या आणि अंजूरचा मांडव उघडला. पाटावर मंदाताई. आणि आवाज आला.

मी त्या आवाजाचं वर्णन करायच्या भानगडीत पडत नाही. एवढंच सांगतो, की काकींच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. काकांनी मागं वळून त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांची मान ताठ झाली होती, बस. हळदीचा धवला होता. त्यात नवरीला एकेक जण हळद लावायला येतो आणि धवलारीण त्याला नात्यानं हाक मारून बोलावते. आजी झाली, मामी झाली, आत्या झाली. मग आई येते. तिथं धवलारीण नवरीचं नाव घेते, साऱ्या धवल्यात एकदाच, आणि आईला सांगते की हिला शेवटची हळद तू लाव.

नेमकं तिथं, कॅमेऱ्याला खेटून उभ्या असलेल्या कोणीतरी, कॅमेऱ्याच्या माईकमध्ये तोंड घालून म्हटलं:

"अरे, माझा एक क्लोज-अप घे ना, सफारी नवीन आहे. आणि आइस्क्रीम आलंय का बघ. पिस्ता ठेव रे माझ्यासाठी. पिस्ता. व्हॅनिला नको."

मग पुन्हा काकींचा आवाज आणि धवला संपेपर्यंत नुसता तोच.

मी मॅच बघताना जेवढा लहान झालो होतो त्याच्या निम्मा झालो. काकी उठल्या. सुपातला वाल सावकाश सारखा करत त्यांच्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजे हे शोधत व्हते तर." आणि आत जाता जाता थांबल्या. "त्यात मंदीचं नाव हाय. रंजीच्या हलदीला दुसऱ्या पोरीचं नाव घेऊन कसं चालंल?"

काकांचा हात रिमोटवर तसाच राहिला. इतक्या कॅसेटी, इतके शुक्रवार, आणि हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी कॅसेट मागं नेली. ऐकली. परत मागं नेली. आजी, मामी, आत्या, आणि मग "पिस्ता ठेव रे माझ्यासाठी". पुन्हा एकदा. मंदाताईचं नाव कुठंच ऐकू येत नव्हतं. माझ्या सफारीखाली आणि पिस्त्याखाली ते पार गाडलं गेलं होतं.

काका माझ्याकडे वळले. "इंजनेर," ते म्हणाले, "तुजं थोबाड पयल्यांदा कामाला आलं."

आता सीडी करायची. पण मॅच बघण्यात आणि कॅसेट मागं-पुढं करण्यात भारनियमनाची वेळ झाली आणि तो शुक्रवार हातचा गेला. लग्न तोंडावर आलेलं, पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे हळदीच्या तयारीला अंजूरला असणार. म्हणजे लूम चालू असताना करायला हवी. मी म्हणालो, "काका, करून टाकू, काही होत नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पोराला पाळण्यातून फेकायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते उठले आणि सलीमभाईंच्या कारखान्यात गेले. मी मागोमाग.

"सलीमभाई, लूम जरा खडा करनेका. थोडा टाइम."

"काथोडभाई, चालू शिफ्ट में? क्या हुआ, कोई गुजर गया?"

"न्हाय. सीडी बनानेकी हाय. आमच्या हिच्या आवाजाची."

सलीमभाईंनी कानातला कापूस काढला. "भाभी की आवाज?"

"जुनी वाली. भेटली."

सलीमभाईंनी फिरत्या लूमकडे बोट दाखवलं. "पहले भाभी खिडकी से रंजना को पुकारती थीं ना," ते म्हणाले, "तो लूम के ऊपर से यहाँ तक आती थी आवाज. हमारे कारीगर बोलते थे, शिफ्ट छूट गई क्या." मग त्यांनी मुख्य खटका खाली ओढला.

भर दुपारी, कामाच्या दिवशी, आमच्या गल्लीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लोक गॅलरीत आले. कारागीर बाहेर येऊन आमच्या जिन्यात बसले आणि कोणीतरी त्यांना नियम सांगितला असावा, कारण सगळे पाय पोटाशी घेऊन बसले. निळी पट्टी सरकत होती. खोटं बोललो ते सांगायची यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती आणि यापेक्षा वाईटही नाही. मी पाय वर घेतले.

सीडी नीट निघाली.

अंजूरला हळदीच्या दिवशी बेंजोवाल्यांना मांडवाच्या कडेला बसवून काकांनी बजावलं, "मी सांगंन तवा." मोठे स्पीकर आणले होते. रंजना पाटावर बसली, शेजारी काकी हळदीची वाटी मांडीवर घेऊन, मान खाली. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बटण दाबलं.

पहिल्या ओळीलाच म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. आवाज मांडव ओलांडून गोदामांच्या पत्र्यांवर आपटून परत येत होता. आजीला बोलावलं, आजी उठली, तिनं हळद लावली. मामी आली. आत्या आली. पुढं काय आहे ते मला पाठ होतं.

"अरे, माझा एक क्लोज-अप घे ना," मोठ्या स्पीकरमधून मी गावभर म्हणालो, "सफारी नवीन आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हसू फुटायला लागलं. बेंजोवाला तर हसून आडवा झाला. "पिस्ता ठेव रे माझ्यासाठी," मी म्हणत होतो.

आणि त्या हसण्याच्या खालून एक खरखर ऐकू आली. आधी मला वाटलं, सीडी अडकली. काकी मान खाली घालूनच गात होत्या. तुटत, अडखळत, सूर जिथं पोचायला हवा त्याच्या कितीतरी खाली. पण तीच ओळ, तिच्या तिच्या जागी. आणि त्या ओळीत नाव होतं रंजनाचं. हिला शेवटची हळद तू लाव, असं त्यांनी आईला सांगितलं आणि मग स्वतःच वाटीत बोटं बुडवून पोरीच्या गालाला हळद लावली.

हसणारे कधी थांबले ते कळलं नाही. "व्हॅनिला नको," मी स्पीकरमधून म्हणालो आणि कोणी हसलं नाही. मग जुना आवाज आला आणि त्यानं धवला काकींच्या हातातून घेतल्यासारखा पुढं नेला.

काका मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. बेंजोवाल्यांना त्यांनी त्या दिवशी काही सांगितलंच नाही. ते बिचारे जेवून गेले.

मी पुढं नोकरीसाठी नाशिकला गेलो. काकी गेल्या तेव्हा येऊ शकलो नाही. आलो तो बऱ्याच महिन्यांनी, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि दारापाशी पोचेपर्यंत काय ते कळेना. सलीमभाईंनी लूम भंगारात काढले होते. तिथं कपड्यांच्या गठ्ठ्यांचं गोदाम झालं होतं. कडीला लाल रुमाल होता.

काका एकटेच कॉम्प्युटरसमोर होते. पट्टीबिट्टी काही नव्हती. मी चहा केला. बोलायला काही सुचेना म्हणून मी माझं ज्ञान काढलं, ती सवय गेलेली नाही. म्हणालो, "काका, आता नवीन सॉफ्टवेअर आलंय. ती सीडी द्या, मी माझा आवाज काढून टाकतो त्यातून. मोबाइलमध्येही घालून देतो."

"नको."

"अहो, नुसती काकींची गाणी राहतील. स्वच्छ."

"तितं तिची जागा हाय," काका म्हणाले. "तुजं थोबाड चालू जालं, की ती गाते. ते काढलंस तर ती कुठं गाईल?"

काकांनी बशीत चहा ओतला.

"न दुसरं सांगतो, इंजनेर. हादऱ्यानं सीडी जात न्हाय. मना तवाच कललं. तुज्या मागं येकदा लूम चालू असताना केली, चांगली निंगाली. फकस्त तिच्या सीडीला जोखीम नको म्हनून सलीमभाईला लूम थांबवाया लावले."

"मग?" मी म्हणालो. "मग इतकी वर्षं सगळ्यांना पाय वर घ्यायला लावले ते?"

"लूम बंद, लोकं गप, म्हंजे ती बोलायची. घरभर ऐकू यायचं. येरवी तिचं ऐकाया येत व्हतं का?" त्यांनी बशी खाली ठेवली. भिंतीकडे, जिच्यापलीकडे आता नुसते गठ्ठे होते, बघत म्हणाले, "आता रोजच सुक्रवार हाय रं."

मग त्यांनी सीडी घातली. आजी झाली. मामी झाली. आत्या झाली. पडद्यावर नवरी होती आणि आवाज त्या बसक्या खोलीत मावत नव्हता. पुढं मी सफारीबद्दल बोलायला लागलो तसा काकांनी हात वर केला.

मी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.